शेवटी लावू, काकू

“हे प्रोग नाहीये, पायल. तू कितीही ताण, नाहीये,” अनिरुद्ध म्हणाला, आणि त्याने लॅपटॉपवरच्या यादीतलं काहीतरी उडवलं.

काय उडवलं ते हिराबाईंना बसल्या जागेवरून दिसलं नाही, पण कळलं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्या मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या आणि पर्सेत रोहनची सीडी होती. रुमालात गुंडाळलेली. पेढे असावेत तशी.

रोहन जाऊन दीड महिना झाला होता. हडपसरपुढच्या मांजरीहून रात्री परत येताना पाण्याच्या टँकरने मोटरसायकलला धडक दिली. हिराबाई हॉस्पिटलात पोचल्या आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तेव्हा तो गार झाला होता. घरी भन्तेजी येऊन गेले, नातेवाईक येऊन गेले, आणि मग एके दिवशी रोहनच्या ऑफिसातल्या पायलचा फोन आला. खराडीच्या त्या कंपनीतल्या दहाबारा जणांचा गाणी ऐकायचा एक क्लब होता, रोहनही त्यात होता. या वेळचा कार्यक्रम त्याच्या आठवणीत करायचा, त्याच्या आवडीची गाणी लावायची, काकूंनी यायचंच. हिराबाईंनी एकच विचारलं होतं, “त्याचं स्वतःचं लावाल ना?” पायल पटकन हो म्हणाली. वयच तसं तिचं. या वयात हो पटकन येतं.

म्हणून त्या येरवड्याहून रिक्षा करून आल्या होत्या. टेबलावर रोहनचा फोटो होता, ऑफिसच्या सहलीतला, शेजारच्याचा खांदा अर्धा कापून मोठा केलेला. कुणीतरी फोटोच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. हिराबाई उठल्या. पदर ओला केला, काच पुसली आणि जागेवर येऊन बसल्या.

त्या क्लबात फक्त प्रोग्रेसिव्ह रॉक, त्यांच्या भाषेत ‘प्रोग’, चालायचं. म्हणजे काय, ते रोहनने त्यांना भाकरी खाता खाता समजावलं होतं. इंग्रजी गिटारीची गाणी, पण सरळ जात नाहीत. ताल वाकडेतिकडे, मध्येच सगळं बदलतं, एकेक गाणं पंधरा पंधरा मिनिटं चालतं. “आपल्या शास्त्रीयसारखं समज,” तो म्हणाला होता. हिराबाईंनी शास्त्रीयही फारसं ऐकलेलं नव्हतं, पण मान डोलावली.

रोहनचा स्वतःचा बँड मात्र निराळा होता. तिघं मुलं. ड्रम वाजवणाऱ्या सूरजच्या चुलत्याचं मांजरीला खताचं गोदाम होतं, चारी बाजूंनी ऊस, तक्रार करायला शेजारी नाही. तिथे यांचं चालायचं. गिटारीच्या तारा इतक्या सैल करायच्या की आवाज कानाऐवजी पोटात शिरावा, आणि एकच चाल, संथ, जड, फिरून फिरून तीच. त्याला स्टोनर मेटल म्हणतात.

“स्टोनर म्हणजे रे?”

“दगड गं आई. दगडासारखं जड.”

हिराबाईंना नाक होतं आणि त्याचे गांजाच्या वासाचे शर्ट त्याच धुवायच्या. पण मुलाची काही उत्तरं आहेत तशी ठेवून द्यायची असतात.

सीडीवरचं हे गाणं त्याने मागच्या वर्षी एकदा क्लबात नेलं होतं. त्या रात्री ताटात अर्धी भाकरी ठेवली. शेवटी म्हणाला, “ते म्हणतात, हे आमच्यात बसत नाही.”

“मग तू कशाला बसतोस त्यांच्यात?”

तो हसला. माणसं चांगली आहेत गं, म्हणाला. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेला, कारण त्यांचे ते मोठाले स्पीकर जिन्यावरून वर चढवायला रोहन लागायचा.

आज ते स्पीकर कुणी चढवले कोण जाणे.

“सत्तरच्या दशकातले जड बँड ऐक ना तू,” पायल म्हणत होती. “दोन्ही फाटे तिथूनच फुटलेत.”

“फाटे फुटले म्हणजे वेगळे झाले ना?”

“नऊ मिनिटांचं गाणं आहे, अनि. रेडिओवर लावायला नाही केलेलं. एक मूड धरून बसतात, तो वाढवत नेतात, तेही प्रोग्रेसिव्हच.”

“लांब असलं की प्रोग्रेसिव्ह होत नाही. कात्रजची बसही लांब जाते.” त्याने बोटावर मोजलं. “ताल बदलतो का? नाही. सूर बदलतो? नाही. दोन सूर आहेत आणि ते दळण दळल्यासारखे फिरतात. मला आवडतं, मी वाईट म्हणतच नाहीये. पण ते हे नाही.”

“कार्यक्रम त्याच्या नावाने आहे.”

अनिरुद्धने आवाज खाली आणला. “म्हणूनच म्हणतोय. त्याला चांगलं कळायचं, काय प्रोग आहे आणि काय नाही. दयेपोटी मध्ये घुसडलं तर अपमान त्याचाच होईल.”

आवाज खाली आणून हिराबाईंपुढे उपयोग नव्हता. टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, एका कानात सोलापूर आणि पाठीमागे वीस जणींचा कालवा. खरखरीच्या तळातून माणसाचा आवाज वेचून काढायचा, हे काम. आणि दर तीन मिनिटांनी मध्ये बोलायचं, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायची?’ पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, मग शाळेतल्या पोरांच्याही खिशात मोबाइल आले. बोर्ड उतरवला आणि हिराबाईंना बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. कान मात्र बोर्डावरचाच राहिला.

रोहनचं ते गाणं घरी लावलं की शेजारची सुशीलाबाई विचारायची, मिक्सर बिघडला का. हिराबाईंना त्या घरघरीतही सगळं ऐकू यायचं. गोदामाबाहेरच्या मोटारीचा आवाज. सूरजची खुर्ची करकरते ती. बराच वेळ नुसतं वाजत राहतं, आणि मग अगदी शेवटाकडे कुणीतरी श्वास आत घेतं. लहानपणी कडू औषध प्यायच्या आधी घ्यायचा तसा. त्यानंतर रोहन चार ओळी गातो. ओळी इंग्रजी, हिराबाईंना निम्म्या कळायच्या. पण रोहनचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता. जे त्याच्याबरोबर रोज डबा खायचे त्यांनी तो एकदा ऐकावा, इतकंच त्यांना हवं होतं.

अनिरुद्ध त्यांच्यापुढे उकिडवा बसला. डोळे लाल होते. मुलगा वाईट नव्हता. “काकू, रोहनचं आपण शेवटी लावू हं. शेवटी म्हणजे उठून दिसेल.”

हिराबाईंनी सीडी काढून दिली. ‘शेवटी बघू’ म्हणून त्यांनी स्वतः खिडकीवरून किती लोक परत पाठवले होते. त्यांना तो शब्द ओळखता येत होता.

कार्यक्रम सुरू झाला. अनिरुद्ध बोलताना खरंच रडला. मग गाणी. मुलं डोळे मिटून ऐकत होती, बोटांवर मात्रा मोजत होती, एखाद्या वळणावर एकमेकांकडे बघून मान हलवत होती. हिराबाई दुसऱ्यांच्या मुलांचे आवाज ऐकत बसल्या. पायल शेजारी येऊन टेकली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “स्टोनर म्हणजे दगडच ना गं?”

पायल फोटोकडे बघत राहिली. “हो काकू. दगडासारखं जड.”

हिराबाईंनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

सूरज उशिरा आला. मांजरीहून येताना हडपसरला अडकला होता. पाठीवरच्या पिशवीतून ड्रमच्या काठ्या डोकावत होत्या. कशाला आणल्या हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. “काकू, आपलं झालं का?” त्याने वाकून विचारलं.

“शेवटी आहे.”

“आसं हाय व्हय,” तो म्हणाला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

शेवट आला तो असा. अनिरुद्धने सगळ्यांचे आभार मानले, बाहेर चहा आणि वडे आहेत म्हणून सांगितलं, “आणि जाता जाता रोहनचा स्वतःचा एक ट्रॅक,” असं म्हणून त्याने सीडी आत सारली.

खुर्च्या सरकल्या. पहिला आवाज आला तसा टेबलावरचा फोटो थरथरला. दोघाचौघांनी दाराशी थांबून मान हलवली आणि वड्यांकडे निघाले. पायल तेवढी खाली बसून राहिली. वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत दोनदा डोकावून गेला. सूरज भिंतीवर बोटांनी ठेका धरून होता.

हिराबाईंनी डोळे मिटले. उजवा हात आपोआप कानाशी गेला, जिथे हेडफोन असायचा तिथे. मोटार ऐकू आली. खुर्ची करकरली. कुणीतरी विचारलं, काकू, तुम्हाला चहा आणू का? त्यांनी डोळे न उघडता पंजा वर धरला. लाइन चालू असली की बोर्डावरच्या बायका असाच पंजा धरायच्या, मग साहेबसुद्धा थांबायचा.

श्वास ऐकू आला.

आणि सगळं बंद झालं.

“सॉरी काकू,” अनिरुद्धचं बोट अजून बटणावरच होतं. “हॉलची वेळ संपली, वॉचमन ऐकेना. तसंही पुढे तेच तेच आहे.”

भिंतीपाशी सूरज तोंड उघडून पुढे आला होता. हिराबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तसा तो थांबला.

“आम्ही विचारायचो,” त्या म्हणाल्या.

“काय काकू?”

“तोडायच्या आधी. वाढवायची का म्हणून विचारायचो.”

अनिरुद्धला ते कळलं नाही. त्याने समजल्यासारखी मान हलवली, सीडी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिली. पायल उठून खुर्च्या मिटायला लागली.

सूरज जवळ आला. “चला काकू, येरवड्याला सोडतो.”

“थांब जरा.”

मशीनमधून नुकतीच निघालेली सीडी गरम होती. हिराबाईंनी ती रुमालात गुंडाळली नाही. आजूबाजूच्या खुर्च्या एकेक करून मिटत होत्या, वॉचमनने मागचे दिवे घालवले होते, आणि ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून त्या बसून राहिल्या, गार होईपर्यंत.