सलूनच्या पत्त्यावरची पत्रं

नवऱ्याने बँकेचं कर्ज काढलं ते बायकोला कळू न देता, आणि त्यासाठी डोकंही चांगलं चालवलं. अर्जावर घराचा पत्ता न देता त्याने आपल्या सलूनचा दिला. घरी पत्र आलं तर बायकोच्या हाती पडेल, सलूनमध्ये आलं तर आपल्या, इतकं ते सरळ होतं. बायको पोस्टात नोकरीला आहे हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. पण ती तिथे नेमकं काय करते, हे लग्नाला वीस वर्षं होऊनही त्याने कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "तिकिटं विकते" असं सांगून तो मोकळा होई.

ती तिकिटं विकत नव्हती. रोज सकाळी गावभरची पत्रं पोत्यातून टेबलावर ओतली की ती गल्लीवार खणांत लावायची, हे तिचं काम. सलूनची गल्ली डावीकडून चौथ्या खणात. पहिलं पाकीट आलं तेव्हा बँकेने शुभेच्छा वगैरे पाठवल्या असतील असं तिला वाटलं. तिसऱ्या पाकिटावर लाल शिक्का होता. असली पाकिटं कोणाला येतात, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला पाठ झालं होतं.

दुसरी एखादी असती तर तिने त्याच संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं असतं. पण हिला पोस्टात सगळे 'तिजोरी' म्हणत. कोणाला कोर्टाची नोटीस आली, कोणाची मुलगी दर आठवड्याला कोणाला लिहिते, सगळं तिच्या डोळ्यांखालून जाई आणि तोंडातून अक्षर निघत नसे. टेबलावरचं टेबलावर, हा तिचा बाणा. शिवाय खरं सांगायचं तर, हा स्वतःहून सांगतो का ते तिला बघायचं होतं. कर्जापेक्षा लपवाछपवीचा राग मोठा होता, आणि तो राग ती मन लावून सांभाळत होती.

दोन वर्षं असं चाललं. जेवताना ती सहज म्हटल्यासारखं म्हणे, हल्ली लोक ऊठसूट कर्ज काढतात. तो मान डोलावून म्हणे, लोकांना अक्कल नाही, आणि आणखी भाजी वाढून घेई. एक तारखेला मात्र घरखर्चाच्या नोटा न चुकता तिच्या हातावर पडत, पूर्वीइतक्याच, कधी चार जास्तच. समोर काचांचं, गार हवेचं नवं सलून उघडलं तरी ह्याच्या धंद्याला धक्का कसा लागत नाही, याचं तिला नवल वाटे. मग कर्ज कशाला? पत्ते, बाटली, दुसरं घर, सगळं तिने मनातल्या मनात चाचपून पाहिलं. पहिल्या घरातला फुटका नळ वर्षभर तसाच ठेवणारा माणूस दुसरं घर कुठून सांभाळणार, म्हणून तेही तिने सोडून दिलं.

त्या नोटांतल्या थोड्या ती दरमहा बाजूला काढी आणि बँकेत ठेव म्हणून ठेवी. हे त्याला माहीत नव्हतं. कळलं तर हात सैल सोडेल, असा तिचा पक्का समज होता.

मग एका बुधवारी रजिस्टर पत्र आलं. पाकिटावरच छापलं होतं, जप्तीपूर्वीची अंतिम सूचना. त्या गल्लीचा पोस्टमन पाय मुरगळून घरी बसला होता. चौथा खण कोण नेईल, असं साहेबांनी विचारलं. तिजोरीने हात वर केला.

सलूनमध्ये चिटपाखरू नव्हतं. तो एक स्वच्छ खुर्ची पुन्हा पुसत होता. बायकोला पोस्टाची पिशवी लटकवून दारात उभी पाहून तो आधी हसला. मग त्याला पाकीट दिसलं.

"इथे सही करा," ती म्हणाली. या घटकेला काय बोलायचं ते तिने दोन वर्षं घोकून ठेवलं होतं, आणि ऐन वेळी निघालं ते एवढंच.

त्याने सही केली. पाकीट फोडलं नाही, आतला मजकूर त्याला पाठ होता. मग खाली बघत त्याने सगळं सांगून टाकलं. समोरचं दुकान उघडलं आणि निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. घरी कमी पैसे द्यायची लाज वाटली. म्हणून कर्ज काढलं आणि त्यातलेच दरमहा तिच्या हातावर ठेवले, कमाई म्हणून. स्वतःवर एक नोटही उडवली नाही.

ती बाकावर टेकली. म्हणजे बँकेने ज्या नोटा ह्याला पंधरा टक्क्यांनी दिल्या, त्यातल्याच काही तिने त्याच बँकेत, शेजारच्याच खिडकीवर सहा टक्क्यांनी नेऊन दिल्या होत्या. वर काटकसरी म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"पहिल्याच लाल शिक्क्याला. सगळी पत्रं माझ्याच हातून येतात."

त्याने पाकीट आरशाखाली ठेवलं. आता चिडला तर बरं, असं तिला वाटलं. तो चिडला नाही.

"दोन वर्षं? अगं, रोज वाटायचं, आज सांगावं. तू नुसतं 'काय झालंय' म्हणून विचारलं असतंस ना, तरी बोललो असतो."

तिला फार लाज वाटली. जाब विचारायला आली होती आणि आता जाब द्यायची पाळी तिच्यावरच आली. हा माणूस एकटा गटांगळ्या खात होता, आणि ती काठावर बसून हा हाक मारतो का ते बघत होती. बरं, स्वतःच्या पदरचं लपवलेलं अजून बाहेर काढायचंच होतं.

"मलाही तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले, सरळ खुर्चीत बसले आणि केस नि दाढी दोन्ही करायला सांगून त्यांनी डोळे मिटले. त्या दिवसाचं ते पहिलं गिऱ्हाईक होतं, परत पाठवायची सोय नव्हती. नवऱ्याने कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं.

ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन वर्षं गप्प बसणं तिला बिनबोभाट जमलं होतं. हा अर्धा तास काही केल्या सरेना.