तेरा नंबरची जर्सी

इम्माने जर्सी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, आणि ओठांवर आलेली शिवी तिने कशीबशी गिळली.

खाली गल्लीत नुसता धुमाकूळ चालला होता. कुणी भोंगे वाजवून बघत होतं, कुणी फटाके आत्ताच संपवू नका म्हणून बोंबलत होतं, आणि त्या सगळ्यांवर कडी करत तिच्या बापाचा, आनिएल्लोचा, आवाज चढत होता. या घराच्या गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत दोर ताणून झाला होता. आता त्यावर फक्त जर्सी यायची बाकी होती. आजचा फुटबॉलचा सामना जिंकला की तीस वर्षांहून जास्त वाट पाहायला लावणारी 'ती गोष्ट' नेपल्समध्ये पुन्हा घडणार होती. तिचं नाव सामना संपेपर्यंत घ्यायचं नाही, एवढं त्या गल्लीतलं तान्हं मूलसुद्धा जाणून होतं.

"इम्मा! अगं, येतेस ना? टीव्हीची बातमीवाली येऊन उभी आहे!"

"आले, पपा!"

म्हणाली खरी, पण जागची हलली नाही.

इम्मा क्लबच्या दुकानात परत आलेला माल तपासायची. असली कोणती आणि नकली कोणती हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती समोरून येताना दिसली की गल्लीतले तरणेताठे गडी छातीवरचा क्लबचा बिल्ला झाकायला हाताची घडी घालत. "बाहेरून सगळ्याच जर्स्या सज्जन दिसतात," ती म्हणायची, "उलटी केली की कूळ कळतं." शेजारच्या रोझारियाच्या जावयाने लग्नात मिरवलेली जर्सी तिने जेवणाच्या टेबलावरच नकली ठरवली होती. रोझारिया त्यानंतर वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

घरातल्या या एका जर्सीला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. ती पत्र्याच्या डब्यात, निळ्या कागदात असायची, आणि डबा उघडायचा मान फक्त आईचा. पण आई, नुन्झिया, गेल्या आठवड्यात जिन्यावरून घसरली, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि इस्त्री इम्माकडे आली.

या जर्सीची गोष्ट अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होती. आनिएल्लो तेव्हा शहराची बस चालवायचा. पहिल्यांदा 'ती गोष्ट' झाली त्या वर्षी, सामन्याच्या दिवशी, संघातला एक राखीव खेळाडू बंद पडलेली स्कूटर घेऊन रस्त्यात घामाघूम उभा होता. आनिएल्लोने त्याला आत घेतलं आणि प्रवाशांसकट बस आपला मार्ग सोडून थेट मैदानावर नेली. कंडक्टर कातेल्लो दारात उभा राहून म्हणाला होता, "ज्यांना उतरायचंय त्यांनी आत्ताच उतरा, बाकीच्यांनी गप्प बसा." एकही उतरला नाही. सामन्यानंतर त्या खेळाडूने अंगावरची तेरा नंबरची जर्सी काढून आनिएल्लोच्या हातात दिली होती.

आणि आता ती इम्माच्या हातात होती. त्या काळच्या जर्स्यांना कुशीच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी नसायची. ती कितीतरी वर्षांनी आली. या जर्सीच्या डाव्या कुशीत मात्र कात्रीने कापलेल्या पट्टीचे खुंट सरळसरळ दिसत होते. बिल्ल्याच्या मागे तर धाग्यांचं जंगल माजलेलं. दुकानात कुणी असली म्हणून ही पुढे केली असती तर इम्माने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

तिने मान वर केली. नुन्झिया चुलीवरच्या रश्श्यात डाव्या हाताने पळी फिरवत होती. ती थांबली. तिने भांड्यावर झाकण ठेवलं, खिडकीपाशी जाऊन दोन्ही झडपा ओढून घेतल्या आणि म्हणाली,

"कळलं तुला."

"मम्मा, ही..."

"हळू बोल. तुझ्या पहिल्या कम्युनियनचं वर्ष होतं, एवढीशी होतीस तू. सान जेन्नारोच्या सणाला मी ती दर वर्षी काढून इस्त्री करायचे. तर ही भवानी रोझारिया खालून हाका मारत बसली. मी खिडकीत गेले, एकातून एक विषय निघत गेला, आणि इस्त्री राहिली बिल्ल्यावर." तिने ॲप्रनचा कोपरा डोळ्यांना लावला. "दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या बाजारातून ही आणली. पट्टी मीच कापली."

इम्माला हसू फुटणार होतं, पण आईची हनुवटी थरथरत होती.

"तेव्हापासून बघ तू. एकदा तरी जिंकलो? खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो, पार धुळीला मिळालो. लोक म्हणायचे कोच वाईट, मालक वाईट. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ऐकायचे. एका इस्त्रीपायी अख्खं शहर बुडवलं गं मी!"

मग तिने पलंगाखालची पेटी पायानेच बाहेर ओढली आणि चादरींच्या तळातून एक बोळा काढला. "ही बघ, असली. फेकवलीच नाही माझ्याने."

बिल्ल्याच्या जागी इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता. इम्माने जर्सी हातात घेतली आणि सवयीने उलटी केली. त्या वर्षीचे आकडे जाड बनातीचे असायचे, कडेने निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. तिने १३ मधल्या एक या आकड्याला नखाने जरा उचकटलं. तो सोलून वर आला, आणि खाली पिवळा पडलेला गोंद दिसला. शिवण होती ती नुसती दाखवण्यापुरती.

ही पण नकली.

"काय बघतेस?"

"काही नाही. जळलीय खरी."

ही नकली असेल तर मग ती बस? तो स्कूटरवाला खेळाडू? शाळेत बाईंनी 'माझे वडील' यावर बोलायला सांगितलं तेव्हा तिने हीच गोष्ट सांगितली होती, आणि वर्गाने बाकं वाजवली होती.

"पपाला सांगू नकोस," नुन्झिया म्हणाली. "शपथ घे माझी. जिंकलो तर माझं मी सांगीन."

इम्माने शपथ घेतली, बाजारातून आणलेली जर्सी हातावर टाकली आणि ती जिना उतरू लागली. अर्ध्या वाटेत आनिएल्लो वर येताना भेटला. सत्तरी उलटलेला माणूस, गालांवर निळा रंग फासलेला, गळ्यात लाल मिरचीसारखं शिंग, नजर लागू नये म्हणून.

"पपा, एक विचारू? बसची गोष्ट खरी आहे?"

"खरी म्हणजे? जा, त्या बसमधल्या कुणालाही विचार! मला पंधरा दिवस घरी बसवलं होतं, ते काय उगीच?" आणि मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. जर्सी अजून उलटीच होती.

त्याने जिन्याचा लोखंडी कठडा धरला आणि तो पायरीवर बसला.

"उलटी केलीस. तू करणारच म्हणा. माझीच चूक, मीच बातमीवालीला म्हणालो की असली-नकली माझी पोरगी सांगेल."

"असली कुठाय?"

"कातेल्लोच्या अंगावर."

खालून भोंग्याचा आवाज आला.

"शेवटी शेवटी त्याला फार थंडी वाजायची," आनिएल्लो म्हणाला. "उन्हाळ्यात सुद्धा. म्हणाला, बसमधून नेलं ते तू एकट्याने नाही, मीही होतो. खोटं नव्हतं ना ते! मी नेऊन घातली त्याच्या अंगात. चार दिवसांनी गेला. आता मेलेल्या माणसाच्या अंगातून काढू का? त्याच्या बायकोने वरून कोट घातला आणि तसंच पुरलं. मी स्टेशनच्या बाजारातून दुसरी आणून डब्यात ठेवली. त्यानंतर तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही मी. लाज वाटायची." त्याने शिंग मुठीत दाबलं. "आणि तेव्हापासून बघ तू. एकदा तरी जिंकलो? एका मित्राचं मन राखायला गेलो आणि अख्खं शहर बुडवलं."

इम्मा त्याच्या शेजारी बसली. तिला हसायचं होतं आणि रडायचंही होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नुसताच ठसका लागला.

"हसू नकोस. आणि आईला एक अक्षर बोलू नकोस. ती बिचारी दर सणाला त्या खोट्या चिंधीला इस्त्री करते गं! डब्यापुढे क्रूस करते. तिला कळलं तर मी तोंड कुठे लपवू? शपथ घे."

तिने दुसरी शपथ घेतली.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बातमीवालीने माईक पुढे केला. "गल्ली म्हणते, तुमच्या डोळ्यांतून नकली सुटत नाही. मग आज कॅमेऱ्यासमोर जर्सी उलटी करून दाखवा ना, असली कशी ओळखायची ते."

"सामन्याआधी? उलटी?" इम्मा म्हणाली.

गल्लीने एकदम श्वास ओढला. अपशकुन टळावा म्हणून लोकांनी हाताला लागेल त्या लोखंडाला हात लावला. कुणी कठडा, कुणी किल्ली, कुणी शेजाऱ्याची स्कूटर. रोझारियाने गॅलरीतून बातमीवालीच्या खानदानाचा उद्धार केला. "कुठली गं तू? मिलानची का? नशीब उलटं करायला पाठवलंय तुला?"

"बरं बरं, उलटी नको," बातमीवाली घाबरून म्हणाली. "तोंडी सांगा. असली की नकली?"

इम्माने वर पाहिलं. खिडकीत नुन्झिया, प्लास्टरमधल्या हाताच्या जेमतेम बाहेर आलेल्या बोटांनी नजर टाळायची शिंगांची खूण धरून. समोर आनिएल्लो, पाठीमागे लपवलेल्या हाताची तीच खूण. मागे उभ्या असलेल्या चार जणांना ती दिसत होती. दोघांच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता, म्हणजे आनिएल्लोच्या निळ्या रंगाखाली नव्हता. इम्माने आयुष्यात एकाही नकली जर्सीला असली म्हटलं नव्हतं. भावाच्या जर्सीलाही नाही, की नवरा होता होता राहिलेल्या माणसाच्या जर्सीलाही नाही.

"असली," ती म्हणाली.

आवाज जराही कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. गल्ली फुटली. जर्सी दोरावर चढली आणि वाऱ्याने तेरा नंबर फुगला.

सामना सुरू झाला. टीव्ही रस्त्यात खुर्चीवर, आणि मागचा सामना जिंकताना जो जिथे बसला होता तो तिथेच. रोझारिया पडद्याकडे पाठ करून, कारण ती पाहते तेव्हा गोल बसतो आणि तो आपल्यावरच. पहिल्या अर्ध्यात झालंही तसंच. ती शिंकायला जरा वळली आणि समोरच्यांनी गोल केला. तिला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. आनिएल्लो मात्र जर्सीकडे बघत होता, आणि मग जमिनीकडे. वरच्या खिडकीत नुन्झियाने क्रूस केला.

बरोबरी झाली तेव्हा कुणाचा तरी चष्मा तुटला. पण बरोबरीने भागणार नव्हतं. शेवटची मिनिटं आली, चेंडू त्यांच्या गोलापाशी नुसता नाचत होता आणि आत काही जात नव्हता. इम्माच्या लक्षात आलं, आपण पडद्याकडे बघतच नाही आहोत. ती वर दोराकडे बघून पुटपुटत होती, "तू कुणाचीही अस, बाई, पण आज आमची लाज राख."

आणि मग कोपऱ्यातून आलेला चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून आत गेला. कुणाच्या, ते कुणालाच कळलं नाही, कारण टीव्ही तोवर आडवा झाला होता. पुढची काही मिनिटं गल्लीने डोळे मिटूनच काढली. शिट्टी झाली ती शेजारच्या गल्लीच्या आरोळीवरून कळली.

"चॅम्पियन!" रोझारिया किंचाळली. इतकी वर्षं गिळून ठेवलेला शब्द शेवटी बाहेर पडला आणि मग तो थांबेना. फटाके, भोंगे, चर्चच्या घंटा. इम्मा ज्याला त्याला मिठ्या मारत होती, त्याच त्या नकली जर्सीतल्या रोझारियाच्या जावयालासुद्धा.

नुन्झिया ॲप्रनसकट खाली आली. आनिएल्लो गर्दी कापत तिच्यापर्यंत पोहोचला. दोघं बरोबर दोराखाली उभे राहिले, कपाळाला कपाळ टेकून, डोळे मिटून, आणि दोघंही एकदमच बोलायला लागले. त्या गदारोळात आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना, तर दुसऱ्याचं काय येणार! पण हात थांबवून बोलणं त्या गावाला कुठलं ठाऊक? नुन्झियाचा डावा हात हवेत इस्त्री फिरवत होता. पुढे, मागे, पुढे, आणि मग एकदम थांबला. आनिएल्लोने स्वतःच्या अंगावर कोट घातल्यासारखं केलं आणि दोन्ही हात मेलेल्या माणसासारखे छातीवर जुळवले. इम्माला दोघांचेही हात दिसत होते. त्या दोघांना एकमेकांचे दिसत नव्हते.

मग नुन्झियाने मान डोलावली, 'असू दे' अशी. आनिएल्लोनेही डोलावली. आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून पोरांसारखे रडले.

इम्माने एक पाऊल पुढे टाकलं. पण मग ती थांबली, खुर्ची ओढून तिच्यावर चढली आणि ढिल्या पडून लोंबलेल्या दोरावरची जर्सी सोडवू लागली.

"नीट गं, नीट! फाटेल!" दोघंही खालून एकदमच ओरडले.

"धरलीय," इम्मा म्हणाली, आणि उलटी न करताच तिने जर्सीची घडी घातली.