चमकणारं शेपूट

हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत निरोगी नमुना म्हणून नेहमी चिवुकुला सरांचंच रक्त घेतलं जाई. आपल्याहून निरोगी माणूस तेलंगणात नाही, असं सरांचं मत होतं आणि मतं तपासायचं यंत्र तिथे नव्हतं.

या खेपेला तुलना होती वरंगळच्या धावपटू स्रवंतीशी. तिचा भाऊ मैदानातच कोसळून वारला होता. त्याच्या जनुकात एक अक्षर बदललेलं होतं, तिच्यातही तेच. त्या बदलामुळे हृदयातलं प्रथिन शेजारच्या प्रथिनाचा हात सोडतं की नाही, एवढंच बघायचं होतं. रविवारी तिची शर्यत होती.

प्रथिनं बनवली सरांच्या हाताखालच्या मृदुलाने. ती दिसावीत म्हणून सरांनी प्रत्येकाच्या एका टोकाला हिरवं चमकणारं शेपूट चिकटवायला लावलं.

"सर, हात धरायचं टोक तेच आहे."

"असू दे. त्या बाजूने फोटो चांगला येतो."

स्रवंतीच्या प्रथिनाने हात सोडला. सरांच्यानेही सोडला.

"शेपूट आडवं येतंय, सर."

"माझी पद्धत चुकत नाही."

"मग तुमचं हृदय चुकत असेल."

मृदुला चिडून बोलली होती. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. तासाभराने ते छातीवर हात ठेवून, थोर माणसाच्या चेहऱ्याने बसलेले सापडले. "नवा आजार आहे हा. माझंच नाव देऊ." दुसऱ्या दिवसापासून शिपाई यादगिरी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर नेऊ लागला. तिसऱ्या दिवशी शोधनिबंध रवाना झाला. रुग्णाच्या फोटोत सर टाय लावून होते.

मृदुलाने गुपचूप शेपूट दुसऱ्या टोकाला लावलं. सरांच्या प्रथिनाने हात घट्ट धरला. स्रवंतीच्याने तीनदा तपासूनही सोडला.

"सर, तुम्ही ठणठणीत आहात."

"अशुभ बोलू नकोस. निबंध गेलाय."

"आणि त्या मुलीचा निकाल?"

"माझा छापून येईपर्यंत इथून काही बाहेर जाणार नाही."

मृदुला बाहेर गेली आणि तिने थेट फोन लावला.

"अक्का, पळू ना उद्या?" स्रवंतीने आधीच विचारलं.

"नको गं. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. कागद मी पाठवते."



"सर काय म्हणाले?"

"ते स्वतःच आजारी आहेत."

"मग बाबांना तूच सांग, अक्का. ते माझी बॅग भरतायत."


मृदुला म्हणाली, "दे त्यांना फोन."