हौद कोणी बांधला

धुळ्याच्या जुन्या भागातला हौदपुरा म्हणजे सात बोळ, एक मशीद, एक मारुती, दोन पिठाच्या गिरण्या आणि मधोमध काळ्या दगडाचा हौद. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी नळाच्या तोट्या कोरड्याच राहतील या भीतीने बायका पहाटेपासून हौदाशी हंडे मांडून ठेवतात. ज्याचा हंडा नाही त्याची चप्पल, चप्पल नाही तर विटेचा तुकडा. नंबर म्हणजे नंबर. तो कोणी मोडत नाही.

या पुऱ्यातल्या शाळेत हेमांगी आठ वर्षं मराठी शिकवत होती. माहेर पिंपळनेरचं. लग्न होऊन इथे आली आणि इथलीच झाली. फक्त शाळेत मात्र अजून पक्की झाली नव्हती. तिच्या मान्यतेची फाइल संस्थेच्या कपाटात पडून होती, आणि संस्थेचे सचिव होते प्रेमराजभाऊ, म्हणजेच प्रभागाचे नगरसेवक.

एके दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं. "ताई, हौदाची दुरुस्ती काढलीय मी. उद्घाटनाला आपल्या पुऱ्याची एक पुस्तिका काढू. जुनी माहिती, जुनी माणसं. तुमचं मराठी चांगलं, शिवाय लोक तुमच्याशी बोलतात."

हेमांगीला हे काम मनापासून आवडलं. शाळा सुटली की वही घेऊन ती दारोदार फिरायची. प्लेगात अख्खा पुरा नदीपलीकडे झोपड्या घालून राहायला गेला होता, हे तिला कळलं. मागावर काम करणारी मोमीन कुटुंबं उत्तरेतून कधी आली, आधी कोणाच्या पडवीत उतरली, तेही कळलं. पूर्वी नगरपालिकेचा मेंबर घोड्यावरून गटारं बघायला यायचा आणि पोरं त्याच्या मागे धावायची. नंतर मतपेट्या आल्या, मग वॉर्ड दुभंगला आणि एकाच बोळाची समोरासमोरची दारं दोन वेगवेगळ्या मेंबरांची झाली. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने हसत आपल्या अहिराणीत सांगितलं, "तवा गटार तुंबनी का दोन्ही मेंबर म्हनेत, आमनी नही शे."

पण सगळ्यात जास्त सांगितलं ते नूर महंमद यांनी. वय ब्याऐंशी. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार उरलेला. त्यांची नात जीनत हेमांगीच्याच आठवीच्या वर्गात होती. सलग तीन दुपारी म्हातारे बोलत होते, जीनत शेजारी बसून ऐकत होती आणि हेमांगी लिहीत होती.

"बावन्न सालचा दुष्काळ, बेटी. पुनाजी पाटलांनी जागा दिली. खरं आहे, देणाऱ्याचं नाव घेतलंच पाहिजे. पण हौद उभा केला माझ्या बापाने, इस्माईल मिस्तरीने. चुन्यात गूळ घातला, हिरडा घातला, महिनाभर दगडी चाकाच्या घाणीत मळला. मी दहा वर्षांचा. भिंतीवर ओली पोती टाकायचं काम माझं. काही लोक म्हणाले, मिस्तरी, आमच्यासाठी तोटी वेगळी काढ. बाप म्हणाला, तोटी वेगळी काढायची तर दगड तुम्ही घडवा. मग कोणी बोललं नाही. एकच रांग झाली. आणि या बाजूला एक तोटी खाली ठेवली, पोरांचं तोंड पोहोचेल अशी."

"मोबदला काय घेतला?" हेमांगीने विचारलं होतं.

"काही नाही. म्हणाला, माझी पोरंही इथलंच पाणी पिणार."

हेमांगीने हौदावर दोन पानं लिहिली. तिला स्वतःलाच ती पुस्तिकेतली सगळ्यात चांगली पानं वाटली. छपाईला देण्याआधी ती कागद घेऊन प्रेमराजभाऊंकडे गेली. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावून सगळं वाचलं आणि खूश झाले. हौदाच्या पानाशी मात्र थांबले.

"इथे पुनाजी आबा जरा मागे पडलेत, ताई. आजोबा होते माझे. त्यांचं नाव नीट येऊ द्या." मग उठता उठता म्हणाले, "आणि हो, तुमची फाइल बघतो मी या महिन्यात."

एवढंच. घरी येऊन हेमांगी कागद पुढे घेऊन बसली. आधी तिने पुनाजी आबांचा उल्लेख वर घेतला. मग वाटलं, दोन नावं आली की पहिलं फिकं पडतं. तिने मिस्तरींची हकीकत चार ओळींवर आणली. चार ओळी अशाच लोंबत राहिल्यासारख्या दिसल्या. तिने त्याही काढल्या. शेवटी वाक्य उरलं ते असं: 'दुष्काळात तहानलेल्या हौदपुऱ्यासाठी कै. पुनाजी आबा पाटील यांनी हा हौद बांधला.' वाक्य शुद्ध होतं. ते लिहिताना तिचा हात थांबला नाही, आणि हीच गोष्ट पुढे तिला सगळ्यात जास्त छळणार होती.

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, पुस्तिका घरोघरी वाटली. नूर महंमद गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत. त्यांची प्रत जीनत घेऊन गेली. पोरीने ती छातीशी धरलेली पाहून हेमांगीने मान दुसरीकडे वळवली.

त्या दिवसापासून ती शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या बोळातून वळसा, मग गिरणीमागून. नवऱ्याने, स्वप्नीलने, विचारलं तर म्हणाली, "तेवढंच चालणं होतं."

आठवड्याने जीनत मधल्या सुट्टीत तिच्याजवळ आली. "मॅडम, दादाजींनी बोलावलंय तुम्हाला."

हेमांगीने हातातला डबा बंद केला. त्यांना कळलं असणार. शाळा सुटल्यावर ती नूर महंमद यांच्या दाराशी पोहोचली. आतून जीनतचा वाचण्याचा आवाज येत होता, म्हणून ती उंबऱ्याशीच थबकली.

"'पुनाजी आबांनी जागा दिली, आणि हौद बांधला इस्माईल मिस्तरी यांनी. त्यांनी चुन्यात गूळ आणि हिरडा घातला. त्यांनी कोणासाठी वेगळी तोटी काढली नाही...'"

पुस्तिका जीनतच्या हातात उघडी होती. डोळे ओळींवरून फिरत होते. पण त्या ओळी कागदावर नव्हत्या. पोरगी मनानेच रचत होती आणि मध्ये मध्ये अडखळतही होती, खरंच वाचत असल्यासारखी.

"फिर से पढ़," म्हातारे म्हणाले.

तिने पुन्हा 'वाचलं'. यावेळी एक शब्द बदलला. म्हाताऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही. हेमांगीचं पाऊल वाजलं तसे ते म्हणाले, "कोण, मॅडम? या, या. रोज ऐकतो मी. दिवसातून दोनदा. माझ्या बापाचं नाव कुठल्याच दगडावर नाही, बेटी. तुम्ही कागदावर आणलंत. अल्ला तुम्हाला सुखी ठेवो." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांच्या तळव्याची कातडी अजून खरखरीत होती. "मला अजून तीन प्रती द्या. एक पारोळ्याला मुलीला, दोन मालेगावला. आणि शुक्रवारी माझा पुतण्या सैफ येतोय. कॉलेजात शिकवतो. त्याच्या तोंडून ऐकीन एकदा."

हेमांगी काय बोलली ते तिचं तिला आठवलं नाही. बाहेर पडल्यावर जीनत मागून धावत आली.

"मॅडम, दादाजींना सांगू नका. हौदाचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हापासून मी असंच वाचते." मग तिने हळूच विचारलं, "तुम्ही लिहायला विसरलात का, मॅडम?"

पोरीने सुटकेची वाट स्वतःच उघडून दिली होती. हेमांगी म्हणाली, "हो गं. विसरले."

"मला वाटलंच," जीनत म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि ती घरात पळाली.

त्या संध्याकाळी हेमांगीने भाकरी थापली ती तव्यावरच करपली. एक खोटं छापलं होतं. दुसरं आता बोलून आली होती, आणि तेही तेरा वर्षांच्या पोरीशी, जी हेमांगीच्या वाट्याचं खोटं आठवडाभर वाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रेमराजभाऊंच्या कार्यालयात गेली. पाण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायका पांगेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हौदाच्या पानावर चूक झालीय. तुमच्या सांगण्यावरून मी मिस्तरींचं नाव काढलं, ते..."

"माझ्या सांगण्यावरून?" प्रेमराजभाऊंनी चष्मा काढला. "ताई, आबांचं नाव नीट येऊ द्या, एवढंच म्हणालो होतो मी. मिस्तरीचं काढा असं म्हणालो का?"

हेमांगीने आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. ती गेले कित्येक दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होती, त्यांच्या तोंडी वाक्यं घालत होती, पण त्यातलं एकही त्यांनी उच्चारलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हीच शोधून काढलं असेल की बांधलाही आबांनीच," ते म्हणाले. त्यांना ते खरंच तसं वाटलं होतं की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे तिला ठरवता येईना. "आता वाटून झाल्यात सगळ्या. पुढच्या वेळी बघू."

सैफ यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ती नूर महंमद यांच्या घरी गेली. जीनतलाही तिने आत बोलावून बसवलं. सुनेने, नाजमीनने, पाणी आणून दिलं. ते तिने तसंच खाली ठेवलं.

"चाचा, पुस्तिकेत तुमच्या वडिलांचं नाव नाही. मी लिहिलं होतं आणि मीच काढलं. जीनतने तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मनाने वाचलं. आणि जीनत, मी विसरले नव्हते. तुझ्याशी मी खोटं बोलले."

शेजारच्या माळ्यावर यंत्रमागांची खटखट चालू होती. मग म्हाताऱ्यांनी हात पुढे केला. जीनतने पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक पान बोटाने चाचपलं, जणू काही बोटांना कळणार होतं.

"कुठेच नाही?"

"नाही."

त्यांनी जीनतला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी त्यांच्या गुडघ्यात तोंड खुपसून रडायला लागली. तिला थोपटत त्यांनी विचारलं, "प्रेमराजने धमकावलं तुम्हाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं! "नाही, चाचा. कोणीच नाही."

"मग?"

हेमांगीला कपाटातली आपली फाइल आठवली. ते उत्तर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"भीतीने केलं असतंत तर मला समजलं असतं," नूर महंमद म्हणाले. "माणूस भितो. मीही भ्यालोय. पण कोणी मागितलं नसताना..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. "जा आता, मॅडम. दुपारची नमाज व्हायचीय माझी."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये प्रभागाची बैठक होती. गटार, दिवे, घंटागाडी, आणि शेवटी हौदाला 'कै. पुनाजी आबा पाटील जलकुंभ' असं नाव देण्याचा विषय. मंजूर, मंजूर, असं चाललेलं असताना हेमांगी उभी राहिली. वर्गात साठ पोरांसमोर तिचा आवाज कधी फुटला नव्हता, आज फुटला.

"पुस्तिकेत हौद पुनाजी आबांनी बांधला असं मी लिहिलंय. ते खोटं आहे. आबांनी जागा दिली. बांधला इस्माईल मिस्तरींनी, बिनमोबदला. मला हे माहीत होतं. माहीत असून मी काढलं, आणि मला तसं कोणी सांगितलं नव्हतं."

कुजबूज सुरू झाली. मागून झुंबरबाई उठली. "बठ्ठा पुरा ले माहीत शे ते! मन्ही सासू चुना मळाले जाये तठे. आम्ही बठ्ठा वाचीसन गप्प बसनूत, ते बी चुकनंच ना." सगळ्या पुऱ्याला ते माहीत होतं आणि सगळे वाचून गप्प बसले होते, हे पहिल्यांदाच कोणी मोठ्याने बोललं.

प्रेमराजभाऊ मुरलेले होते. हॉलचा रंग बघून ते हसले. "मग दोन्ही नावं लावू. माझ्या आबांना राग येणार नाही." टाळ्या पडल्या. विषय दोन्ही नावांनी मंजूर झाला.

हेमांगीचं काम त्याने संपलं नाही. तिने शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या काढल्या आणि गोंदाची बाटली घेऊन सातही बोळ फिरली. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचं: "मी खोटं लिहिलं होतं, ही दुरुस्ती चिकटवायचीय." कोणी पुस्तिका हरवली म्हणालं, कोणी तिच्या पानांत भजी बांधली होती. एक जण म्हणाला, "सोडा ना मॅडम, काय फरक पडतो?" त्या दारातून ती सगळ्यात जास्त खाली मान घालून परतली, कारण हेच ती स्वतःला सांगत आली होती.

जूनमध्ये तिची फाइल मंजूर झाली. बैठकीतल्या प्रकारानंतरही प्रेमराजभाऊंनी सही केली होती. स्वप्नीलने पेढे आणले. हेमांगीने मात्र आपला पेढा तसाच बशीत ठेवला. म्हणजे मिस्तरींचं नाव काढलं तेव्हाही भिण्यासारखं काहीच नव्हतं.

नूर महंमद यांच्या प्रतीत चिठ्ठी चिकटवायला ती सगळ्यांत शेवटी गेली होती. त्यांनी ती पुन्हा आलेल्या सैफकडून दोनदा वाचून घेतली, बरोबर आहे म्हणाले, आणि पारोळ्या-मालेगावच्या तीन प्रती मागून घेतल्या. चहाही झाला. तिने धीर करून विचारलं, "चाचा, तुमच्याकडे अजून खूप आहे सांगण्यासारखं. मी येऊ का वही घेऊन?"

"नको," ते शांतपणे म्हणाले. "आता जीनतला सांगतो. ती लिहील."

आणि जीनत लिहू लागली. दर सोमवारी ती वही तपासायला हेमांगीच्या टेबलावर ठेवते. "फक्त शुद्धलेखन बघा, मॅडम," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. हेमांगी लाल पेनने वेलांट्या आणि उकार तेवढे दुरुस्त करते. कधी एखादं वाक्य फार लांबतं, कधी एकच गोष्ट दोनदा येते. तिथे तिचं पेन थांबतं, आणि ती पान उलटते.