फोटोखालची सही

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना कैफची तीन बोटं तुटली. मशीनला संरक्षक जाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती घाईघाईने बसवली गेली आणि मॅनेजरच्या सांगण्यावरून सुपरवायझर हर्षलने मोबाईलवर तिचा फोटो काढला. कैफ भरपाईसाठी कोर्टात गेल्यावर मॅनेजरने तोच फोटो अपघाताच्या आधीचा म्हणून पुढे करायचं ठरवलं.

हर्षलने फक्त फोटोसोबत कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रावर सही करायची होती: फोटो माझ्याच मोबाईलमधला, अपघाताच्या आधी काढलेला. बदल्यात बढती. अशा कामाला आपल्याकडची सभ्य माणसं एका पायावर तयार असतात. हर्षलही होता. मसुदा तेवढा तपासून घ्यावा म्हणून तो सावेडीला थोरल्या बहिणीकडे गेला. दिशा वकील होती.

"फोटो खरंच आधीचा आहे?" तिने विचारलं.

"नंतरचा आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवला की आतली तारीख राहत नाही, ताई. मॅनेजर म्हणाले."

"म्हणजे तुला सगळं कळतंय. मला वाटलं, नुसता मूर्खपणा करतोयस."

"नुसती सही तर आहे."

"मग मॅनेजरनेच का नाही केली?"

हर्षल मसुद्याची घडी घालू लागला.

"समोरचा वकील मूळ मोबाईल मागेल. तपासणीत तारीख निघेल. मॅनेजर म्हणेल, फोटो यानंच दिला. खोट्या पुराव्याला तुरुंग आहे, हर्षल."

"आणि नाहीच सापडलो तर?"

दिशाने किळस आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "तर कोर्ट लिहून ठेवेल, की चूक कैफची होती. त्याला दवाखान्यात कुणी नेलं होतं?"

"मीच."

"मग जाळी होती की नव्हती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

दवाखान्यात नेताना जीपमध्ये कैफचा रक्ताळलेला हात आपल्याच मांडीवर होता, हे हर्षलला आठवलं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

सकाळी त्याने बिनसहीचं प्रमाणपत्र मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

"अरे, सगळेच करतात," मॅनेजर हसत म्हणाला.

"मी नाही करणार."

कैफला दवाखान्यात नेणारा म्हणून कोर्टाने साक्षीला बोलावल्यावर हर्षलने मूळ मोबाईल हजर केला आणि फोटो कधीचा ते शपथेवर सांगितलं. कैफला भरपाई मिळाली. हर्षलला बढती सोडाच, नोकरीही सोडावी लागली.

बंधुभगिनींनो, फोटो स्वतःहून कोर्टात जात नाही. आपल्यातलाच कुणीतरी त्याच्याखाली सही करून त्याला आत नेतो. ज्याची खात्री नाही त्याच्याखाली सही करू नका, आणि जे खोटं आहे हे ठाऊक आहे त्याच्याखाली तर मुळीच नको. 'नुसती सही' करणारा हात गुन्ह्यात अर्धा वाटेकरी असतो.