आडवा हात

“ज्या राष्ट्राच्या ताटात अन्न उरतं, त्या राष्ट्राच्या इतिहासात काहीही उरत नाही!”

काष्टीच्या एका मंगल कार्यालयात, उष्ट्याच्या पिंपाशेजारी ताठ उभं राहून कारभारी गुरुजींनी हे वाक्य उच्चारलं, तेव्हा त्यांच्या मिशीला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. समोरच्या पाहुण्यानं ते नजरेनं दाखवलं. गुरुजींनी शीत बोटानं टिपलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, “पाहिलंत? याला म्हणतात आचरण!”

कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव. घरातला कारभार पहिल्यापासून जयमालाबाईंकडे असल्यामुळे गुरुजींना गावाचा कारभार पाहायला भरपूर सवड मिळे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून गेली आठ वर्षं ते ‘ताट स्वच्छ’ मोहीम एकहाती चालवत होते. लग्न असो, साखरपुडा असो, दहावं असो, पंगत उठायला लागली की गुरुजी पिंपाशेजारी हजर. कुणाच्या ताटात अर्धी जिलबी दिसली की त्याला जागेवर परत पाठवणार. एकदा त्यांनी खुद्द नवरदेवाच्या मामाला वांग्याच्या दोन फोडींसाठी माघारी धाडलं. मामा रुसले आणि नवरीची पाठवणी पाऊण तास लांबली.

पण मोहिमेला यश आलं. पिंप रिकामं राहू लागलं! लोक आता खुर्चीखाली, टेम्पोच्या आडोशाला नाहीतर शोभेच्या कुंडीत ताट रिकामं करत. पण कुंडी म्हणजे काही पिंप नव्हे, त्यामुळे गुरुजींची नजर तिकडे जात नसे. कार्यालयाच्या आसपासची कुत्री मात्र या आठ वर्षांत चांगली बाळसेदार झाली होती.

अशा कार्याची दखल गाव घेणारच. येत्या रविवारी देवळापुढच्या मांडवात गुरुजींचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, ‘अन्नरक्षक’ असं ठळक छापलेलं मानपत्र आणि मग पंगत. पण गुरुजींची छाती फुगली होती ती या कशानंही नाही. त्यांची नात दिपाली सत्कारात ‘माझे आजोबा’ या विषयावर बोलणार होती! तिसरीतली पोर. भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं आणि ते कुणाला दाखवत नव्हती. रोज दोन्ही वेळेला ती आजोबांच्या पाटाला पाट लावून जेवायला बसायची. गुरुजींच्या लेखी तो शेजारचा पाट म्हणजे मानपत्राहून मोठा मान होता.

बुधवारी शाळा सकाळची होती. दुपारी जयमालाबाईंनी मटकीचा रस्सा केला.

“मला मटकी नको,” दिपाली म्हणाली.

“का बरं?”

“तिला शेपट्या आहेत.”

गुरुजींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मोड चांगलेच लांब आले होते. “त्या शेपट्या नाहीत, मोड आहेत. त्यात जीवनसत्त्व असतं.”

“मग जीवनसत्त्वाला शेपटी आहे.”

“हे बघ दिपा, मी तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा...” गुरुजींनी सुरुवात केली आणि स्वयंपाकघरात जयमालाबाईंनी गॅस बारीक केला. पुढचं त्यांना पाठ होतं, आणि ते किती वेळ चालतं हेही.

गुरुजींचे वडील बन्सीअण्णा पोराच्या पुढ्यात मटकी वाढत आणि ताट मोकळं होईपर्यंत उठू देत नसत. एकदा तर दुपारी वाढलेली मटकी दिवेलागणीला संपली. रडलं की पाठीत धपाटा.

“म्हणून आज हा कारभारी ताठ उभा आहे!” गुरुजींनी समारोप केला.

“तुम्ही बसलाय, आजोबा.”

गुरुजींच्या स्वतःच्या ताटात त्या दिवशी ताकभात होता. पोट जरा नरम होतं. पण पळी त्यांनी उचलली, आणि दिपालीनं ताटावर हात आडवा धरला.

आता वाचकहो, आडव्या हाताचा अर्थ ‘नको’ असा होतो, हे आपल्याकडे कुणी मानलंय? पाहुण्यानं हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं “एवढीच, माझ्याकडून” म्हणत बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आपली रीत. त्याला आपण प्रेम म्हणतो. गुरुजींनी रीतीप्रमाणे वाढलं. रस्सा नुकताच उतरवलेला होता.

पोर किंचाळली!

जयमालाबाई धावत आल्या. पोरीला उचलून त्यांनी तिचा हात नळाच्या धारेखाली धरला. “अहो, डोळे हायेत का काय तुमाला? लेकराचा हात दिसंना व्हय?” दोन बोटांवर टपोरे फोड आले. दिपाली हुंदके गिळत एवढंच म्हणाली, “मी हात आडवा धरला होता.”

त्या संध्याकाळी तिचा पाट स्वयंपाकघरात आजीशेजारी गेला. गुरुवारीही तो तिथंच राहिला. गुरुजींनी दोन्ही वेळेला ताट स्वच्छ केलं, पण काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं. शुक्रवारी बाजेवर तिची वही उघडी पडलेली दिसली. दुसऱ्याची वही वाचू नये, हे गुरुजींनी अख्ख्या गावाला शिकवलं होतं. त्यांनी वाचली. भाषणातली पहिलीच ओळ होती, ‘माझे आजोबा माझं सगळं ऐकतात.’ ती ओळ खोडलेली होती. पट्टी लावून, अगदी सरळ रेघ मारून. सरळ रेघ मारायला तिला गुरुजींनीच शिकवलं होतं.

ते वही हातात धरून बसले होते, तेवढ्यात छबूबाई आल्या. साठी ओलांडलेल्या छबूबाईंनी गुरुजींच्या शाळेत अठरा वर्षं पोषण आहाराची खिचडी रांधली होती. आता त्या गावच्या पंगती रांधत, आणि रविवारचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता.

“गुरुजी, सव्वाशे पानं धरू का दीडशे?” असं विचारता विचारता त्यांना दारात दिपाली दिसली. “अगं बया! हाताला काय झालं गं?”

“मी हात आडवा धरला होता,” दिपाली म्हणाली आणि आत निघून गेली.

छबूबाईंनी गुरुजींकडे नुसतं पाहिलं. तेव्हा गुरुजींना सगळं सांगावंच लागलं. सांगून झाल्यावर त्यांनी शेवटी जोडलं, “पण छबूबाई, लाड तरी किती करायचे? आम्हाला जबरदस्तीनं खायला लावलं, म्हणून आम्हाला अन्नाची किंमत कळली.”

“किंमत मला नका सांगू,” छबूबाई पदर खोचत म्हणाल्या. “मी उपाशी निजल्याली बाई हाय. भात्तर सालच्या दुष्काळात आई खडी फोडायची अन् मी मागं बसून सरकारी सुकडी खायची. पन येक सांगते, उपाशी मानसाला कुनी जबरीनं भरवत न्हाई. जबरी भरल्या घरातच चालती.”

“अहो, पण अन्न वाया जातं त्याचं काय?”

“कुठं जातं? पिपात? पिपात जायच्या आदी ते ताटात येतं, अन् ताटात येतं पळीनं. तुमी आठ वर्सं पिपापाशी उभं हाय. येक दिस पळीपाशी उभं ऱ्हावा की! आदी आडव्या हातावर वाढायचं, मंग टाकलं म्हून माघारी धाडायचं. मानसानं करावं तरी काय?”

छबूबाईंना आता थांबायचं नव्हतं.

“तुमच्या शाळंत येकशेचाळीस पोरं हुती. मी येकेकाला इचारून वाढलं. ‘किती वाढू रं?’ अजिनाथला अर्धी पळी. मोनिकाला दोन, अन् पाऊस पडला की तीन. जे नको म्हनलं, त्याला चार दाने चवीपुरते, ते बी त्यानं हात काढला तर. सगळ्या शाळंचं उष्टं माझ्या घमेल्याच्या तळाला असायचं! मला कुनी शाल दिली न्हाई. नका देऊ. पन माझ्या पोरांनी अन्न टाकलं न्हाई, ह्यो तोरा मी मरंस्तवर मिरवनार!”

गुरुजींनी शेवटची ढाल पुढे केली. “तरीपण छबूबाई, मला खायला लावलं म्हणून तर मला मटकीची गोडी लागली.”

“गोडी?” छबूबाईंनी डोळे बारीक केले. “शाळंत मटकी कोन्च्या वारी असायची?”

“बुधवारी.”

“अन् तुमचा उपास?”

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“आहार चाखून रजिस्टरला सही करायचा तुमचा नेम हुता. दर बुधवारी तुमी न चाखता ‘उत्तम’ लिव्हलं. अठरा वर्सं! सोमवार म्हाद्याचा, गुरवार दत्ताचा. ह्यो बुधवार कोन्च्या देवाचा, गुरुजी?”

“आणि घरात मटकी केली की यांचं पोट नरम!” आतून जयमालाबाई कडाडल्या. “मी आपली म्हनते, माझ्याच हाताला चव न्हाई!”

गुरुजींनी मान खाली घातली, आणि त्यांना ते लहानपणचं ताट दिसलं. जर्मनच्या पत्र्याचं, काठ वाकलेलं. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा सांगितली असेल, पण तिच्यातला एक तपशील ते दर वेळी गाळत आले होते. इतका सराईतपणे, की तो त्यांचा त्यांनाच आठवेनासा झाला होता. त्या दुपारी आठ वर्षांच्या कारभारीनं ताटावर हात आडवा धरला होता! आणि त्या मटकीला शेपट्या होत्या! अगदी स्पष्ट!

मटकीनं त्यांना घडवलं नव्हतंच. मटकीनं त्यांना फक्त सफाईनं खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि मोठेपणी पळी हातात आल्यावर त्यांनी वडिलांचीच रीत पुढे चालवली होती.

ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “दिपा, चुकलं माझं.”

“मटकीचं?”

“नाही. हाताचं.”

दिपालीनं विचार केला. “बरं,” ती म्हणाली. पाट मात्र हलला नाही. मुलं माफ करतात लवकर. पाट हलवायला वेळ घेतात.

रविवारी मांडव भरला. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. मग दिपाली स्टुलावर चढली. बोटांवरचे फोड आता सुकले होते. तिनं वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, “माझे आजोबा माझं सगळं ऐकतात. हे वाक्य मी खोडलं होतं. आता परत लिहिलंय. पण पेन्सिलीनं.”

मांडव हसला. गुरुजी हसले नाहीत. एवढीशी पोर अख्ख्या गावासमोर खरं ते बोलली होती, तेही आपल्या आजोबांच्या सत्कारात! त्यांची छाती अशी भरून आली की खांद्यावरची शाल घसरली. ती उचलून ते थेट छबूबाईंकडे गेले आणि त्यांच्या खांद्यावर घालू लागले.

“उन्हाळ्यात शाल कशाला, गुरुजी?” छबूबाई मागं सरकल्या. “त्यो नारळ द्या. चटनीला व्हईल.”

नारळ देऊन गुरुजी माईकसमोर उभे राहिले.

“नागरिकहो! आठ वर्षं मी चुकीच्या टोकाला उभा होतो. अन्न पिंपात वाया जात नाही, ते आपल्या पळीतून वाया जातं. आणि अन्नाबरोबर आणखी एक गोष्ट आपण वाया घालवतो. मुलाचा ताटावरचा आडवा हात म्हणजे माज नव्हे, हट्ट नव्हे. तो त्या जिवानं स्वतः घेतलेला पहिला निर्णय असतो. तो आपण चेचला, तर उद्या गरज असेल तिथंसुद्धा त्याला ‘नको’ म्हणता येणार नाही! मला मटकी आवडत नाही. साठ वर्षांत हे मी आज पहिल्यांदा बोलतोय. म्हणून सांगतो, आधी विचारा. थोडं वाढा. आणि हात आडवा झाला, की पळी मागे घ्या. ज्या घरात लेकराच्या ‘नको’ला मान आहे, त्या घरच्या पिंपाला राखणदार लागत नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि गुरुजी पळी घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले. “किती वाढू? आणखी की पुरे?” असं एकेकाला विचारत त्यांनी पंगत वाढली. सहादेव पाटलांनी जिलबीला सवयीनं हात आडवा धरला, तर गुरुजी खरोखरच पुढे गेले. “अहो गुरुजी, मी आपलं रीत म्हून धरला हुता!” पाटील मागून ओरडले. पंगत उठली तेव्हा पिंपाचा तळ दिसत होता, खुर्च्यांखाली काही नव्हतं, कुंड्याही स्वच्छ होत्या. कुत्री बराच वेळ वाट पाहून निघून गेली.

शेवटच्या पंगतीला गुरुजी स्वतः बसले. छबूबाई मटकी घेऊन आल्या. गुरुजींनी ताटावर हात आडवा धरला, आणि छबूबाई पुढे गेल्या. बस्स, एवढंच! साठ वर्षं जे अशक्य वाटत होतं, ते इतकं सोपं होतं.

आणि तेवढ्यात त्यांच्या पाटाला पाट घासल्याचा आवाज आला. दिपाली शेजारी येऊन बसली होती.

गुरुजींनी छबूबाईंच्या हातातली पळी मागून घेतली. “दिपा, काय वाढू?”

दिपालीनं सगळ्या पातेल्यांवरून नजर फिरवली. मग बराच वेळ एकाच पातेल्यात पाहत राहिली.

“मटकी.”

पंगतीत कुजबूज झाली. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींचे डोळे भरून आले. जबरदस्तीनं बन्सीअण्णांना जे जमलं नव्हतं, ते एका प्रश्नानं झालं होतं! लेकरानं आपण होऊन मागितलं होतं! त्यांना वाटलं, आता या राष्ट्राला काळजी नाही.

“किती वाढू, बाळा?”

“चार दाणे,” दिपाली म्हणाली. “पण आजोबा, तेवढ्या शेपट्या काढून द्या ना.”