अठ्ठेचाळीस सेकंद, एका दमात

आजकाल गाणं करायला माणसं लागत नाहीत, ही फार मोठी सोय झाली आहे. माणसं म्हटली की उशिरा येतात, शिंकतात, रुसतात, सिगारेट ओढायला बाहेर जातात. माझी मुलगी तिच्या घराच्या मागच्या खोलीत एकटी बसून तीस व्हायोलिनं वाजवते आणि त्यातलं एकही व्हायोलिन तिच्याकडे नाही. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा काळा फोम, टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे, वीतभर कीबोर्ड आणि कॉफीचे तीन मग, त्यातला एक परवाचा. हा तिचा ऑर्केस्ट्रा. गाणी मात्र धो धो चालतात. मला त्यातलं काय कळतं म्हणा, मी आपलं फक्त पंचेचाळीस वर्षं अकॉर्डियन वाजवलं.

आताच्या गाण्याला सुरुवातीचं संगीत नसतं. ऐकणारा पाच सेकंदांत पळून जातो म्हणे, त्यामुळे गायक आत येऊन बसायच्या आधीच गायला लागतो. गायकाचा सूर घसरला तर मशीन त्याचा कान धरून त्याला जागेवर बसवतं. मी एकदा मुलीला विचारलं, "मग गायकाला बोलावता तरी कशाला?"

"व्हिडिओत दिसायला लागतो ना, बाबा," ती म्हणाली.

तिच्या या कामाला मी 'शिवणकाम' म्हणतो. कापा, जोडा, इस्त्री करा, पाठवून द्या. ती हसते. निदान पूर्वी हसायची.

आमच्या वेळी (हे दोन शब्द मी उच्चारले की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं) एका हॉलमध्ये चाळीस माणसं दाटीवाटीने बसायची. गायक, वादक, सगळे एकाच वेळी. कुणी एक चुकला की चाळीसच्या चाळीस जण पुन्हा पहिल्यापासून, आणि चुकणाऱ्याकडे एकोणचाळीस जण असे बघायचे की त्याला घरी जावंसं वाटायचं. आम्ही काही संत नव्हतो. निम्म्या चाली परदेशी तबकड्यांवरून उचललेल्या असायच्या. पण आम्ही त्या टाय लावून उचलायचो, आणि उचलल्यावर निदान स्वतःच्या हातांनी वाजवायचो.

त्याच काळातलं ते नदीकाठचं गाणं. ती येत नाही म्हणून तो नदीकाठी बसलाय, एवढीच गोष्ट, पण पन्नास वर्षं लोक ते ऐकतायत. खरं सांगायचं तर लोक त्यातला मधला तुकडा ऐकतात. दोन कडव्यांच्या मध्ये अठ्ठेचाळीस सेकंद पुढे अकॉर्डियन, बाकी सगळे मागे. ते मी वाजवलंय. आणि मी ते सुरांचा कागद समोर आल्यावर पहिल्याच फटक्यात, एका दमात वाजवलं, हे रेडिओवाल्यांनी सांगितलंय, मासिकांत छापून आलंय, आणि लग्नकार्यात कुणी विचारलं नाही तर मी स्वतःहून सांगितलंय.

ही गोष्ट घरातही होती. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या मांडीवर माझंच अकॉर्डियन ठेवलं. हनुवटी जेमतेम त्याच्या वर यायची. शिकवण्याचा नियम एकच. चुकलीस की पहिल्यापासून. सूर चुकला, पहिल्यापासून. बोट अडखळलं, पहिल्यापासून. पाच वर्षं ती शिकली. चौदाव्या वर्षी तिने नदीकाठचा तुकडा घेतला आणि एका दुपारी एकाच जागी अकरा वेळा चुकली. मी म्हणालो, "तुझ्यात ते नाही." तिने पट्टे खांद्यांवरून काढले, वाद्य पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि परत कधी उघडलं नाही. मला वाटलं, मी बाप म्हणून प्रामाणिक बोललो. प्रामाणिकपणाचा मला फारच सोस.

तर परवा मुलीचा फोन आला. रेकॉर्ड कंपनीला नदीकाठचं गाणं नव्याने आणायचंय, आणि ते करायचं काम तिच्याकडे आलंय. ठोका नवा, गायिका नवी, पण मधला तुकडा जुनाच. शिवाय एक छोटी फिल्म, म्हणजे मी खुर्चीत बसून 'एका दमात'ची गोष्ट सांगायची. कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन दुसऱ्या दिवशी चार वाजता येणार होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून तीनलाच तिच्या घरी पोचलो.

"बाबा, तुम्हाला गंमत दाखवते," मुलगी म्हणाली. तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. "आता जुन्या रेकॉर्डिंगमधलं एकेक वाद्य सुटं करता येतं. बाकी सगळे बाजूला काढलेत. तुम्ही एकटे आहात."

आणि मी एकटा होतो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला ऐकलं. व्हायोलिनं नाहीत, ढोलकी नाही, कुणी नाही. पट्ट्यांवर नखं वाजत होती तीसुद्धा ऐकू येत होती. अगदी खरं सांगतो, मला भरून आलं. पोरगा चांगला वाजवत होता.

अकॉर्डियनचा भाता उघडताना एक आवाज येतो आणि मिटताना दुसरा. माझ्या भात्याला तर डाव्या कोपऱ्यात बारीक चीर होती. मिटताना तिथून 'फुस्स' करून हवा जायची, उघडताना नाही. सगळ्या गोंगाटात ते कुणाला कळणार? आता मात्र स्वच्छ कळत होतं. उघडला, फुस्स, उघडला, फुस्स. एकोणतिसाव्या सेकंदाला भाता उघडला. आणि लगेच पुन्हा उघडला.

माझे कान तापले. मी हळूच मुलीकडे बघितलं. तिच्या कानांवर दुसरा हेडफोन होता आणि ती पडद्याकडे बघत होती. तिने तो तुकडा मागे नेला आणि परत लावला.

"बाबा, इथे भाता उघडतोय."

"हं."

"आणि इथे परत उघडतोय. मध्ये मिटला कधी?"

"तुमच्या त्या मशीनने खाल्ला असेल," मी म्हणालो. "सुटं करताना काहीतरी सांडणारच."

"मी याच भात्यावर पाच वर्षं शिकले, बाबा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "इथे जोड आहे."

जोड होताच. मी त्या दिवशी चौदा वेळा चुकलो होतो. एकदा सुरुवातीला, मग शेवटी, मग मधेच, अगदी सगळीकडे समान न्यायाने. चाळीस माणसं ताटकळली होती. गायक घड्याळ बघत होता आणि बासरीवाला माझ्याकडे बघून सुस्कारे सोडत होता, तेही सुरात. शेवटी वाद्यं बसवणारा अरेंजर "झालं, छान झालं" म्हणाला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मग रेकॉर्डिस्टने दाढीचं ब्लेड काढलं, टेपवरचा नवव्या वेळचा पहिला भाग कापला, चौदाव्या वेळचा दुसरा भाग कापला आणि चिकटपट्टीने दोन्ही जोडले. त्याचा हात इतका सफाईदार होता की पन्नास वर्षं कुणाला शिवण दिसली नाही. जोडाचं तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातले दोघे आता सांगायला राहिलेले नाहीत. चुका बाकीच्यांनीही ऐकल्या होत्या, पण मागच्या रांगेतल्या वादकांना कोण विचारतं?

'एका दमात' ही थाप मी मारलेली नाही, हेही नमूद करतो. रेडिओवर निवेदक म्हणाला, "हे तुम्ही एका दमात वाजवलंत म्हणे!" आणि मी फक्त लाजलो. पुढचं सगळं त्या लाजण्यातून वाढत गेलं.

यातलं काही मी मुलीला सांगणार, एवढ्यात दारावरची बेल वाजली.

कंपनीचा माणूस उत्साही होता. तो घरातही टोपी घालतो आणि मला 'लेजंड' म्हणतो. त्याच्याबरोबरच्या कॅमेरावालीने माझ्या तोंडावर दिवा लावला, परवाचा मग उचलून लांब ठेवला आणि कॉलरला किड्याएवढा माइक अडकवला. "सर, एकदम मनापासून बोला," उत्साही म्हणाला. "फील पाहिजे. आणि चाळीस सेकंदांत संपवा."

मुलगी माझी कॉलर सरळ करायला वाकली आणि हळूच म्हणाली, "नेहमीसारखंच सांगा, बाबा. लोकांना आवडतं ते. मी काही बोलणार नाही."

ती मला सांभाळून घेत होती. लहान मुलाने भांडं फोडल्यावर पाहुण्यांसमोर घेतात तसं. गेली वीस वर्षं मी तिला 'शिंपीणबाई' म्हणून हिणवलं होतं, आणि ती माझ्या शिवणीवर पदर घालत होती. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

"चालू आहे, सर," कॅमेरावाली म्हणाली.

"मी चौदा वेळा चुकलो," मी म्हणालो. "तुम्ही ऐकता तो तुकडा दोन तुकड्यांचा आहे. ब्लेडने कापलेला. तो सलग मी तेव्हा वाजवू शकलो नाही आणि त्यानंतरही कधी वाजवला नाही. कार्यक्रमांत मी मधली ओळ खायचो. लोक टाळ्या वाजवत असायचे, त्यामुळे निभावलं."

उत्साही हसला. मग मी हसत नाही असं पाहून थांबला. "भारी, सर! एकदम रिअल! पण आपण ते एका दमातलं घेऊ ना?" तो मुलीकडे वळला. "हे मागचं काढता येईल ना?"

"येईल की," मुलगी म्हणाली. "सगळंच काढता येतं."

ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. दिव्याच्या उजेडात तिच्या कानामागचे पांढरे केस दिसले. ते मी याआधी पाहिले नव्हते.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. "जगाला नका सांगू. मला?"

"तू माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघायचीस की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं," मी म्हणालो. "आणि नंतर लाज वाटली. मग तू पेटी बंद केलीस. त्यानंतर सांगणं म्हणजे..."

उत्साही चुळबुळला, पण कॅमेरावालीने त्याला हातानेच थांबवलं.

"मी वाजवला होता," मुलगी म्हणाली.

"काय?"

"तो तुकडा. पूर्ण. तुम्ही 'तुझ्यात नाही' म्हणालात त्याच्या आठ दिवस आधी. तुम्ही दौऱ्यावर होता, आई बाहेर गेली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न चुकता. माझे दंड थरथरत होते."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"एकतिसाव्या वेळी जमला होता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्याच वेळी वाजवलेला. एकतिसावं काय सांगायचं? उलट कळलं असतं की तीस वेळा चुकले. मला वाटलं, तुमच्यासमोर पहिल्या झटक्यात वाजवायचा, तरच खरा. आणि तुमच्यासमोर हात गारठायचे."

चौदा वर्षांची पोर माझ्या घरात, माझ्या वाद्यावर, मला न जमलेलं वाजवून गेली होती, आणि माझ्या एका लाजण्यापायी तिने ते चोरीच्या मालासारखं लपवून ठेवलं होतं.

"माझं चुकलं, बाळा," मी म्हणालो. "फार चुकलं."

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

मी कॅमेरावालीकडे वळलो. "चालू आहे का अजून?"

"आहे, सर."

"मग हे घ्या. तो तुकडा सलग वाजवणारा माणूस जगात एकच आहे. आजवर तुम्ही सगळे चुकीच्या माणसाकडे येत होता. ती इथे बसली आहे, हिरव्या कुडत्यात. दिवा तिकडे फिरवा."

उत्साहीने टोपी काढून डोकं खाजवलं. दिवा फिरला. "बाबा, पुरे आता," मुलगी म्हणाली आणि तिने हात डोळ्यांवर आडवा धरला, पण स्टुलावरून ती उठली नाही.